तुरुंगातल्या शास्त्रज्ञाला पुरस्कार देऊन नक्की काय होतं?

ताम्हिणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न मांडतो.

अमेरिकन फिजिकल सोसायटी ही अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांची संघटना. ती 2006 पासून दर 2 वर्षांनी 'आंद्रेई साखारोव्ह पुरस्कार' देते. साखारोव्ह म्हणजे मानवी हक्कांसाठी लढलेले सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ. त्यासाठी शोध लावावा लागत नाही. मानवी हक्कांसाठी जे शास्त्रज्ञ ठामपणे उभे राहिले त्यांच्यासाठी तो आहे. पहिला मिळाला सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ युरी ओर्लोव्ह यांना. पुढच्या यादीतली निम्मी नावं मला माहीतच नव्हती, म्हणून एकेकाबद्दल वाचत गेलो आणि ओमिद कोकबी या नावापाशी थांबलो.

हा इराणचा मुलगा, लेसर हा त्याचा विषय. टेक्सास विद्यापीठात पीएचडी करत होता. घरच्यांना भेटायला गेला आणि परत निघताना जानेवारी 2011 मध्ये तेहरानच्या विमानतळावर त्याला उचललं. 2012 मध्ये शत्रुराष्ट्राशी संधान बांधल्याच्या आरोपाखाली 10 वर्षांची शिक्षा झाली. त्याने तुरुंगातून लिहिलं की लष्करी प्रकल्पावर काम करायला आपण नकार दिला, त्याची ही शिक्षा आहे. 2014 चा साखारोव्ह पुरस्कार त्याला मिळाला तेव्हा तो तेहरानच्या एविन तुरुंगात होता. घ्यायला कसा जाणार?

आता माझा प्रश्न. अशा माणसाला पुरस्कार देऊन काय होतं? कोठडीचं दार त्याने उघडत नाही. उलट तिथलं सरकार चिडण्याचीच शक्यता जास्त. आणि दुसरं, हे भौतिकशास्त्राच्या संघटनेचं काम आहे का? मला मनापासून वाटतं की हा पुरस्कार हवा. पण का हवा हे वर्गातल्या मुलांना पटेल असं मांडता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

प्राजक्त
उत्तम धागा. वाचतेय.

भिंगरी
हा नेल्सन मंडेलांना मिळालेला पुरस्कारच ना? तो तर राजकीय नेत्यांनाही देतात.

ताम्हिणी
भिंगरीताई, तो वेगळा. युरोपियन संसदेचाही साखारोव्ह यांच्या नावाचा पुरस्कार आहे, 1988 पासून. मंडेला आणि सोव्हिएत तुरुंगात मरण पावलेले अनातोली मार्चेंको हे त्याचे पहिले मानकरी. मी म्हणतोय तो भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा. म्हणजे आपल्याच पेशातल्या माणसांनी दिलेला.

सह्यकडा
मी विरोधी बाजू मांडतो, रागावू नका.

शास्त्रीय संस्थांनी शास्त्रापुरतं राहावं असं माझं मत आहे. संशोधनाचा दर्जा मोजता येतो, धैर्य कसं मोजणार? एकदा हे दार उघडलं की कुणाचा लढा खरा आणि कुणाचा खोटा हे ठरवायला संस्था बसणार, आणि त्या ठरवण्यात राजकारण आल्याशिवाय राहत नाही.

दुसरं म्हणजे, अमेरिकेतल्या संस्थेला रशिया, चीन आणि इराणमधले बंदिवान दिसतात. स्वतःच्या अंगणातलं दिसतं का?

आणि तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. साखारोव्ह हे सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बचे प्रमुख शिल्पकार. ज्याने ते अस्त्र घडवलं त्याच्या नावाने नीतिमत्तेचा पुरस्कार? त्यापेक्षा जोसेफ रोटब्लाट यांचं नाव द्यायचं. जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे कळल्यावर 1944 च्या शेवटी ते मॅनहॅटन प्रकल्प सोडून गेले आणि उरलेलं आयुष्य पगवॉश परिषदेला, म्हणजे अण्वस्त्रांविरुद्धच्या शास्त्रज्ञांच्या चळवळीला दिलं.

प्राजक्त
तिसऱ्या मुद्द्यावर कुणीतरी सविस्तर लिहा. मलाही हाच प्रश्न पडलाय.

कंदील
सह्यकडा, रोटब्लाट यांच्याबद्दल मला पराकोटीचा आदर आहे. 1995 चं शांततेचं नोबेल त्यांना आणि पगवॉशला मिळालं ते योग्यच होतं. पण साखारोव्हचं नाव या पुरस्काराला चपखल बसतं ते तो बॉम्ब बनवणारा होता म्हणूनच, असं मला वाटतं.

साखारोव्ह 1950 मध्ये अण्वस्त्रं बनवणाऱ्या गुप्त शहरात गेला तेव्हा तो 28 वर्षांचा होता. अमेरिकेकडे बॉम्ब आहे तर आपल्याकडेही हवा, तरच तोल राहील, असं तो प्रामाणिकपणे मानत होता. 22 नोव्हेंबर 1955 ची चाचणी यशस्वी झाली. पण स्फोटाच्या धक्क्याने दूरच्या खंदकात एक सैनिक गाडला गेला, आणि एका वस्तीतलं आश्रयघर कोसळून 2 वर्षांची मुलगी मेली. स्फोटाची चमक विझल्यावर बाकीचे बाहेर आले होते, ती आत खेळत राहिली होती.

त्या संध्याकाळी मेजवानीत साखारोव्हने पेला उंचावून म्हटलं की आपली ही अस्त्रं चाचणीच्या मैदानावर अशीच यशस्वी फुटोत, शहरांवर कधीही न फुटोत. मार्शल नेडेलिनने त्यावर एक चावट गोष्ट सांगितली. तिचा मथितार्थ एवढाच: बनवायचं काम तुमचं, कुठे डागायचं ते आम्ही बघू. साखारोव्हने आठवणींत लिहिलंय की तो प्रसंग त्याला चाबकाच्या फटक्यासारखा लागला.

पुढे तो गप्प बसला नाही, आणि भाषणं करत सुटला असंही नाही. त्याने गणित केलं. वातावरणातल्या स्फोटांमुळे किरणोत्सारी कार्बन तयार होतो, तो हजारो वर्षं सजीवांच्या शरीरात जात राहतो. किरणोत्साराला सुरक्षित अशी किमान मर्यादाच नाही असं धरलं तर एकूण किती माणसं मरतील? 1958 च्या त्याच्या लेखातलं उत्तर होतं, दर मेगाटनमागे, म्हणजे 10 लाख टन टीएनटीइतक्या स्फोटामागे, सुमारे 10,000. ती माणसं कोण हे कधीच कळणार नाही, कारण ती आजाऱ्यांच्या मोठ्या आकड्यात मिसळून जातील. आपल्या हातून निनावी माणसं मरताहेत हे त्याला आकड्यांतून दिसलं. भौतिकशास्त्र बाजूला ठेवून तो नीतीकडे वळला नाही, भौतिकशास्त्रानेच त्याला तिथे नेलं.

सह्यकडा
कंदील, फार चांगलं लिहिलंत. 1955 चा तपशील मला माहीत नव्हता. पण 1961 मध्ये तो 50 मेगाटनचा महाकाय बॉम्ब फोडला त्यातही साखारोव्ह होताच. 1958 ला गणित मांडलं आणि 3 वर्षांनी पुन्हा त्याच कामात, याची संगती कशी लावायची?

कंदील
नाही लागत, आणि मी ती लावायला जाणारही नाही. चाचण्या पुन्हा सुरू करू नका असं त्याने सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला चिठ्ठीतून कळवलं होतं. ख्रुश्चेव्हने भरसभेत त्याला झापलं, राजकारण आमच्यावर सोडा म्हणाला. तरीही साखारोव्हने काम सुरू ठेवलं. पूर्णपणे बाहेर पडायला त्याला 1968 उजाडलं. त्या वर्षी त्याचा शांतता आणि बौद्धिक स्वातंत्र्यावरचा निबंध परदेशात छापून आला आणि त्याला गुप्त कामावरून काढलं. पण मधल्या काळात 1963 चा अंशतः चाचणीबंदी करार झाला. भूमिगत चाचण्या तूर्त वगळून बाकी सगळ्या थांबवाव्यात या मार्गासाठी त्याने आतून खटपट केली होती. एवढं त्याच्या पदरात टाकायलाच हवं.

इंद्रायणीकाठ
सह्यकडांच्या पहिल्या मुद्द्याबद्दल. 'शास्त्रज्ञांनी शास्त्रापुरतं राहावं' हे बोलायला छान आहे, पण सत्ता शास्त्रापुरती राहत नाही त्याचं काय?

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे मला निकोलाय वाव्हिलोव्ह आठवतात. पिकांच्या मूळ जन्मभूमी शोधण्यासाठी जग पालथं घातलेला माणूस, लेनिनग्राडला बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभा केलेला. लायसेन्को या कृषितज्ज्ञाला स्टालिनचा वरदहस्त होता आणि मेंडेलची आनुवंशिकी त्याला बूर्झ्वा वाटायची. वाव्हिलोव्ह आनुवंशिकीच्या बाजूने उभे राहिले, 1940 मध्ये पकडले गेले आणि 1943 मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात गेले. ज्याने अख्ख्या देशाच्या अन्नाची काळजी वाहिली त्याचा तुरुंगात उपासमारीने शेवट व्हावा, हे लिहितानाही हात जड होतो. सोव्हिएत आनुवंशिकी त्यानंतर एका पिढीने मागे पडली.

आणि बघा, 1964 मध्ये लायसेन्कोच्या गोटातल्या नुझदिनला विज्ञान अकादमीत घ्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्ध उभं राहून बोलणाऱ्यांत साखारोव्ह होता. जीवशास्त्र हा काही त्याचा विषय नव्हता. पण वैज्ञानिकांच्या अटकेला आणि मृत्यूला जबाबदार असलेल्यांना आपल्यात घ्यायचं का, असा सरळ सवाल त्याने केला. नुझदिन पडला.

प्रश्न विचारायचं स्वातंत्र्य नसेल तर प्रयोगशाळा नुसती इमारत उरते. म्हणून हे शास्त्रीय संस्थेचंच काम आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

प्राजक्त
+1. इंद्रायणीताई, वाव्हिलोव्हवर स्वतंत्र धागा काढाच.

चक्रधर
अवांतर: मला साखारोव्ह माहीत होता तो टोकामॅक या अणुसंमीलनाच्या यंत्रामुळे. 1950 च्या सुमारास त्याने आणि इगोर टाम यांनी गरम प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडायची कल्पना मांडली. आपल्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेतला 'आदित्य' त्याच कुळातला. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त का, यावरच्या 1967 च्या त्याच्या अटी तर आजही शिकवतात. इतक्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाची दुसरी बाजू मला कुणीच शिकवली नाही. आज कळतेय.

सातपुडा
यादीतलं एक नाव अजून कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. 2018 चा पुरस्कार दोघांना विभागून होता. एक इराणच्या नर्गिस मोहम्मदी आणि दुसरे रवी कुचीमंची. यातल्या दुसऱ्या माणसाचं नाव आमच्या नंदुरबार जिल्ह्यात घेतलं जातं.

कुचीमंची आयआयटी मुंबईचे. नंतर मेरीलँड विद्यापीठात कणभौतिकीत पीएचडी. तिथे विद्यार्थी असतानाच 1991 मध्ये त्यांनी 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट', म्हणजे एड, ही संघटना सुरू केली. पुढे देशात परत आले, नर्मदेच्या खोऱ्यातल्या विस्थापितांबरोबर उभे राहिले. धडगाव तालुक्यातलं बिलगाव तुम्ही पाहिलंय का? उदई नदीवर तिथे मोठा धबधबा आहे. डोंगरात वसलेलं आदिवासी गाव, विजेचा पत्ता नाही. नदी अडवून गाव न बुडवता, त्याच धबधब्याच्या पाण्यावर छोटं जनित्र चालवून गावापुरती वीज करायची असं ठरलं. केरळमधले तंत्रज्ञ आले, एडने मदत केली, आणि गावातल्या माणसांनी श्रमदान करून बांध घातला, चर खणले. 2003 मध्ये गावात आणि तिथल्या जीवनशाळेत दिवे लागले.

मी त्या भागात शिक्षक होतो. धरणाला विरोध करणाऱ्यांना तेव्हा सगळे विचारायचे, मग वीज कुठून आणणार? बिलगावने त्याचं एक उत्तर कागदावर न देता करून दाखवलं. पुढे पाण्यानेच तो प्रकल्प गेला, त्याचं दुःख अजून आहे. पण पोरांनी वहीत दिवा काढून खाली 'आमची वीज' लिहिलेलं मी पाहिलंय.

म्हणून मला सह्यकडांना सांगावंसं वाटतं की या पुरस्काराच्या यादीत फक्त तुरुंग नाहीत. कुचीमंचींना तो देताना सोसायटीने त्यांच्या भौतिकशास्त्रातल्या चालू संशोधनाचाही उल्लेख केला, आणि लोकांकडून शिकत लोकांबरोबर काम करणारी स्वयंसेवकांची चळवळ उभी केल्याचाही. एकाच वाक्यात दोन्ही.

भिंगरी
शाहरुखच्या सिनेमातला तो वीज आणणारा प्रसंग बिलगाववरून सुचलेला असं ऐकलंय, ते हेच का?

सातपुडा
होय, तसंच सांगितलं जातं. फक्त सिनेमात सगळं तासाभरात उरकतं. आमच्याकडे दगड वाहून खांदे सोलले होते लोकांचे. 🙂

भिंगरी
आता पावसाळ्यात बिलगावला जायलाच हवं. शहाद्याहून रस्ता कसा आहे?

सातपुडा
शहादा ते धडगाव घाट आहे, पावसात जपून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सविस्तर सांगतो. इथे विषय भरकटेल.

पोटोमॅककर
मी अमेरिकेत राहते, एडच्या कामात अनेक वर्षं आहे. सातपुडा, तुमचा प्रतिसाद आमच्या गटात सगळ्यांना वाचून दाखवला.

सह्यकडांचा 'स्वतःच्या अंगणातलं दिसतं का' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर आहे. 2020 चा पुरस्कार तुर्कस्तानच्या आयशे एर्झान आणि शाओशिंग शी या दोघांना मिळाला. शी हे फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात अतिवाहकतेवर काम करणारे प्राध्यापक, चीनमध्ये जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक. मे 2015 मध्ये पहाटे एफबीआयची माणसं बंदुका रोखून त्यांच्या घरात शिरली. बायको आणि मुलींसमोर त्यांना बेड्या घातल्या. आरोप असा की एका उपकरणाची गुप्त रचना त्यांनी चीनला पाठवली. मग त्या विषयातल्या तज्ज्ञांनी लेखी सांगितलं की पाठवलेली आकृती त्या उपकरणाची नाहीच. सप्टेंबरमध्ये खटला मागे घेतला गेला.

त्यानंतर शी गप्प राहिले असते तर कुणी दोष दिला नसता. ते बोलत राहिले, जन्माने चिनी असलेल्या इतर शास्त्रज्ञांच्या बाजूने. आणि अमेरिकन संस्थेने अमेरिकन सरकारच्या हातून भरडल्या गेलेल्या माणसाला हा मान दिला.

त्या काळात माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेतला चिनी सहकारी साध्या ईमेललाही घाबरायचा. चीनमधल्या आपल्या जुन्या गुरूंना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवाव्यात की नको, असं त्याने मला विचारलं होतं. भीती इतक्या आत शिरते. तेव्हा कुणीतरी मोठ्या संस्थेने जाहीरपणे 'हा आमचा माणूस आहे' म्हणण्याचं मोल मला कळलं.

सह्यकडा
शी यांचं उदाहरण पटलं. अंगणाचा आक्षेप मी मागे घेतो. पहिला मात्र अजून कायम.

मांडवी
गोव्यातून लिहितोय. आपल्याकडे असा पुरस्कार असता तर मी पहिलं नाव दा. ध. कोसंबींचं घेतलं असतं. 1907 साली गोव्यातल्या कोसबेन गावी जन्म. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक, आणि जागतिक शांतता चळवळीतले बिनीचे कार्यकर्ते. अणुऊर्जेच्या झगमगाटात सगळे असताना भारतासारख्या उन्हाच्या देशाने सौरऊर्जेकडे वळावं असं ते सांगत होते. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही.

इंद्रायणीकाठ
आणि आमच्या पुण्यात 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते डॉक्टर होते, प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ नव्हते. पण पुरावा मागायचा हक्क सामान्य माणसाला आहे हे सांगण्यापायी त्यांनी जीव दिला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला, त्यासाठी ते कितीतरी वर्षं झटत होते.

रानवारा
हे सगळं ठीक, पण आता इथे आजचे पक्ष यायला लागतील. अमुक सरकारने हे केलं, तमुक सरकारने ते केलं, आणि धाग्याचा आखाडा होईल.

संपादक मंडळ
दाभोलकर आणि कोसंबी यांचे उल्लेख विषयाला धरून आहेत. सध्याच्या पक्षीय राजकारणावरचे 2 प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मूळ प्रश्नाकडे वळावे ही विनंती.

जुनी वही
उशिरा आलो, पण धागाकर्त्याच्या प्रश्नाला अजून कुणी थेट हात घातलेला नाही असं दिसतं. पुरस्कार देऊन काय होतं? मी निवृत्त प्राध्यापक, ऐंशीच्या दशकात परदेशात संशोधन करत होतो. त्या काळात जे पाहिलं-वाचलं त्यावरून लिहितो.

पुरस्कार हे त्या साखळीतलं शेवटचं टोक आहे. आधीचं बघू. ओर्लोव्ह यांनी 12 मे 1976 ला मॉस्को हेलसिंकी गट स्थापन केल्याचं जाहीर केलं, तेही साखारोव्हच्या घरात. सोव्हिएत सरकारने हेलसिंकी करारावर सही करून मानवी हक्कांची जी वचनं दिली, ती पाळली जातात का याची नोंद ठेवायची, एवढंच गटाचं काम. फेब्रुवारी 1977 मध्ये ओर्लोव्हना अटक झाली. 7 वर्षं श्रमछावणी आणि वर 5 वर्षं हद्दपारी. गणित आणि संगणकशास्त्र शिकलेला श्चारान्स्की पाठोपाठ आत गेला. जानेवारी 1980 मध्ये अफगाणिस्तानातल्या घुसखोरीविरुद्ध बोलल्यावर साखारोव्हला गॉर्कीत नजरकैदेत टाकलं. समाजवादी श्रमवीर हा किताब त्याला 3 वेळा मिळाला होता, ते सगळे काढून घेतले.

याच काळात अमेरिकेतल्या बर्कलेच्या शास्त्रज्ञांनी या सहकाऱ्यांच्या सुटकेसाठी 'एसओएस' गट चालवला. त्यातले एक संस्थापक मॉरिस प्रिपस्टाइन, ज्यांना 2010 चा साखारोव्ह पुरस्कार मिळाला. त्यांची हाक साधी होती: आमचे सहकारी सुटत नाहीत तोवर सोव्हिएत संस्थांशी वैज्ञानिक सहकार्य करणार नाही. देशोदेशीच्या हजारो शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. आम्हा तरुणांत यावर कडाक्याचे वाद व्हायचे. माझे मार्गदर्शक बहिष्काराच्या विरोधात होते. संपर्क तुटला तर आतल्या माणसांचे हाल वाढतील, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यातही तथ्य होतं. देश सोडायची परवानगी मागितली म्हणून नोकरी गेलेले मॉस्कोतले ज्यू शास्त्रज्ञ एकमेकांच्या घरी साप्ताहिक चर्चासत्र भरवायचे. परदेशी पाहुणा त्या छोट्या खोलीत येऊन व्याख्यान देऊन गेला की यजमानांना आपण अजून शास्त्रज्ञ आहोत असं वाटायचं. म्हणजे कुणी न जाऊन आधार दिला, कुणी जाऊन.

1986 मध्ये श्चारान्स्की सुटला, ओर्लोव्ह सुटले, डिसेंबरात साखारोव्हच्या गॉर्कीच्या घरात अचानक टेलिफोन बसवला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गोर्बाचेव्ह बोलले, परत या म्हणाले. हे शास्त्रज्ञांच्या सह्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. राजकारण बदललं होतं, ओर्लोव्ह तर दोन महासत्तांच्या देवघेवीत सुटले. पण देवघेवीच्या यादीत त्यांचं नाव का आलं? कारण ते नाव 9 वर्षं कुणी विसरू दिलं नव्हतं. नंतर ते कॉर्नेलला गेले, पुन्हा भौतिकशास्त्र करू लागले, आणि 2006 मध्ये या पुरस्काराचे पहिले मानकरी झाले.

प्राजक्त
सर, यावर लेख लिहा ना. प्रतिसादात हे हरवून जाईल.

सह्यकडा
जुनी वही, तुमचा प्रतिसाद 2 वेळा वाचला. पण यातूनच माझी शंका अजून गडद होते. साखारोव्ह जगप्रसिद्ध होता. ओर्लोव्ह नावाजलेले. कोकबीमागे टेक्सास विद्यापीठाचे लोक होते. ज्याला कुणी ओळखत नाही, ज्याने परदेशात शिक्षण घेतलेलं नाही, तो आत पडला तर? पुरस्कार शेवटी माहीत असलेल्यांनाच मिळतो.

बसवनगुडी
सह्यकडा, तुमच्या प्रश्नाला 2012 च्या यादीत थोडं उत्तर आहे. मुलुगेटा बेकेले. इथिओपियात मेंगिस्टूच्या लष्करी राजवटीत ते अनेक वर्षं तुरुंगात होते, छळ सोसला. तेव्हा ते जगाला माहीत असलेले शास्त्रज्ञ मुळीच नव्हते. तुरुंगात त्यांनी सोबतच्या कैद्यांना शिकवायला घेतलं. सुटल्यावर काही वर्षांनी पीएचडीला कुठे आले असतील? आपल्या बंगळुरूला, भारतीय विज्ञान संस्थेत. मग अदिस अबाबाला परत जाऊन विद्यार्थी घडवले. मी त्याच संस्थेत शिकलो, पण त्यांच्यानंतर खूप वर्षांनी. ज्या वाचनालयात आम्ही बसायचो तिथे हा माणूस बसलेला असेल, हे कळल्यावर ऊर भरून आला होता.

2008 चे मानकरी शू लियांगयिंग घ्या. 1957 मध्ये चीनमध्ये 'उजवे' ठरवून त्यांना गावी शेतीवर धाडलं, 20 वर्षं. त्या काळात शेतात राबून उरलेल्या वेळात त्यांनी आइनस्टाइनच्या लिखाणाचं चिनी भाषांतर केलं. पुढे म्हातारपणी राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी पुन्हा पत्रकं काढली. हीही नावं आपल्याला या यादीमुळेच कळली, नाही का?

वकीलवाडा
मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, विज्ञानाशी संबंध बारावीपुरता. पण तुरुंगाचा अनुभव आहे म्हणून लिहितो.

कच्च्या कैद्यांच्या केसेस मी खूप पाहिल्या. ज्याला भेटायला दर आठवड्याला कुणीतरी येतं आणि ज्याला कुणीच येत नाही, त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पहिल्याला औषध वेळेवर मिळतं, तारखेला कोर्टात आणतात, त्याची फाइल वर राहते. दुसरा विसरला जातो. माझ्या एका अशिलाची तब्येत महिनोन्‌महिने दुर्लक्षिली गेली. त्याच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी दर पंधरवड्याला एक साधं पत्र लिहायला घेतलं, 'आमचा विद्यार्थी कसा आहे?' एवढंच. तिसऱ्या-चौथ्या पत्रानंतर त्याला दवाखान्यात हलवलं.

कोकबींबद्दल या धाग्यामुळे वाचलं. त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला, 2016 मध्ये एक मूत्रपिंड काढावं लागलं आणि त्याच वर्षी ते पॅरोलवर सुटले. पुरस्कारामुळे सुटले असं कुणी म्हणू नये, आजारामुळेच सुटले. पण आजारी कैदी अनेक असतात. कुणाचा आजार कागदावर येतो, एवढाच प्रश्न असतो, आणि तो कागदावर आणायला बाहेरून विचारणारं कुणीतरी लागतं. ताम्हिणी, तुमच्या वर्गातल्या मुलांना हे सांगून बघा. दार नाही उघडत, पण दारावर थाप पडत राहते.

ताम्हिणी
वकीलसाहेब, हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे. जुनी वही सरांचं आणि सातपुडांचं लिखाणही त्यांना वाचायला देईन. सगळ्यांचे आभार.

नर्गिस मोहम्मदींबद्दल फार लिहिलं गेलं नाही म्हणून थोडं जोडतो. त्या भौतिकशास्त्र शिकलेल्या, व्यवसायाने अभियंता. 2018 मध्ये साखारोव्ह पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तुरुंगात होत्या. 2023 चं शांततेचं नोबेल मिळालं तेव्हाही तुरुंगातच. ते ऑस्लोत त्यांच्या जुळ्या मुलांनी घेतलं. 1975 मध्ये हेच नोबेल मिळालं तेव्हा साखारोव्हलाही बाहेर जाऊ दिलं नव्हतं, म्हणून पत्नी येलेना बॉनर गेल्या. तो स्वतः त्या दिवशी व्हिल्नियसला होता, जीवशास्त्रज्ञ मित्र सेर्गेई कोव्हाल्योव्हवर खटला चालू होता त्या न्यायालयाबाहेर. नोबेलच्या दिवशीसुद्धा मित्राच्या दारात जाऊन उभा राहिला. वकीलसाहेब म्हणतात तेच.

सह्यकडा
व्हिल्नियसचं वाचून माझ्या पहिल्या आक्षेपाचा जोर बराच उतरला. संस्थांनी निवड जपून करावी, निकष उघड ठेवावेत, हे माझं म्हणणं कायम. पण हे संस्थेचं कामच नव्हे असं आता म्हणवत नाही.

मांडवी
मग एक करू या का? यादीतल्या एकेका माणसावर मराठीत एकेक लेख. मी शू लियांगयिंग घेतो.

पोटोमॅककर
मी शी आणि एर्झान. 2010 चे हर्मन विनिकही कुणीतरी घ्या. जॉर्डनमधल्या 'सेसमी' या सिंक्रोट्रॉनची, म्हणजे संशोधनासाठी तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांची. जर्मनीत मोडीत निघालेलं यंत्र मध्यपूर्वेला द्या म्हणाले, आणि 2017 मध्ये ती प्रयोगशाळा सुरू झाली. इस्रायल, इराण, पॅलेस्टाइन आणि पाकिस्तान एकाच संस्थेचे सदस्य आहेत.

चक्रधर
विनिक माझ्याकडे. यंत्राचं लिहायला मजा येईल.

सातपुडा
कुचीमंची आणि बिलगाव मीच लिहिणार. धडगावच्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलून श्रमदानात कोण कोण होतं ती गावातली नावंही त्यांच्या परवानगीने घालीन.

सह्यकडा
कोकबी मला द्या.

बसवनगुडी
बेकेले माझ्याकडे. नव्वदच्या दशकात आयआयएससीच्या भौतिकशास्त्र विभागात असलेलं कुणी इथे आहे का? किंवा कुणाच्या ओळखीत? त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसाशी बोलायचं आहे. कृपया व्यनि करा.